आकड्यांचं भोपाळ, वारांचं भोपाळ

भोपाळला उतरलात तर अर्धा दिवस पायी फिरण्यासाठी ठेवाच! सुरुवात हबीबगंज स्टेशनपासून करा. 2021 मध्ये या स्टेशनाला गोंड राणी कमलापतीचं नाव मिळालं, पण आजूबाजूचा परिसर अजून हबीबगंजच. जवळच अरेरा कॉलनी: रुंद रस्ते, झाडं, बंगले. इथले पत्ते आकड्यांत सांगतात, पाच नंबर, दहा नंबर, बारा नंबर. हे सगळे बसचे थांबे!

मग बस पकडून जुन्या शहरात चौकात उतरा. इथे आकडे संपतात आणि वार सुरू होतात: इतवारा, मंगलवारा, बुधवारा, जुमेराती. पुण्याच्या पेठांत वाढलेल्या मला तर घरीच आल्यासारखं वाटलं. 1819 ते 1926 या काळात या शहरावर चार बेगमांनी राज्य केलं. चौकातली जामा मशीद त्यांच्यातल्या पहिल्या, कुदसिया बेगमनं बांधवली. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली की दुकानाच्या पायरीवर चढायचं. तिथून चालतच मोठ्या तलावाकाठच्या गौहर महालापाशी या. तोही कुदसियाचाच, 1820 चा.

संध्याकाळी जा. पाण्यावरचा उजेड तेव्हा फार सुंदर असतो.