टॉवर उलथण्याआधी माती खचते

चेंबूरच्या पुढे माहूलला तेलशुद्धीकरण कारखान्यांचे लोखंडी टॉवर दुरूनच दिसतात. कच्चं तेल तापवून त्यातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळं करणारे हे ऊर्ध्वपातन स्तंभ. पन्नास मीटर उंच, जेमतेम तीन मीटर रुंद असा स्तंभ अनेकदा काँक्रीटच्या अष्टकोनी पायावर उभा करतात.

वारा कुठूनही येतो, म्हणून खरं तर गोल पाया उत्तम. पण गोल शटरिंग जिकिरीचं; अष्टकोनाला सरळ फळ्या पुरतात. चौकोन त्याहून सोपा, मात्र वारा कर्णाच्या दिशेने आला की सगळा दाब एका टोकाशी एकवटतो. अष्टकोनात हा दोष कमी होतो, संपत नाही.

आकडे मांडून पाहू. समोरासमोरच्या बाजूंमध्ये 8 मीटर अंतर असेल, तर तळाचं क्षेत्रफळ 53 चौरस मीटर भरतं. रिकामा स्तंभ 150 टन, पाया आणि त्यावरचा भराव 250 टन धरला तर मातीवर दर चौरस मीटरला साडेसात टन दाब येतो. हा झाला वारा नसतानाचा हिशोब. भारतीय मानक मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरायला सांगतं. त्यातून पायाच्या तळाशी 500 टन-मीटरचं आघूर्ण, म्हणजे पाया उलथवू पाहणारा पीळ, निघालं असं समजू. म्हणजे 400 टनांचा भार जणू मध्यापासून सव्वा मीटर बाजूला सरकला.

इथे खरी मेख आहे. तळाच्या मध्याभोवती एक लहानसा गाभा असतो. भार त्याच्या आत राहिला तरच सगळा तळ मातीला टेकून राहतो. सपाट बाजूच्या दिशेने हा गाभा मध्यापासून 1.06 मीटरपर्यंत पोचतो, कोपऱ्याच्या दिशेने फक्त 98 सेंटिमीटरपर्यंत. आपला भार दोन्हींच्या बाहेर गेला. वाऱ्याकडची कड मातीवरून सुटते, उरलेला तळ सगळं ओझं पेलतो आणि पलीकडच्या कोपऱ्याखाली दाब सतरा टनांच्या वर जातो. माती पंधरा टनच सोसणारी असेल तर हा पाया नापास.

आणि तरीही उलथण्याविरुद्धची सुरक्षितता मोजली, तर 400 टन गुणिले कडेपर्यंतचे 4 मीटर म्हणजे 1600, भागिले 500, अशी 3.2 येते. दीड-दोन पट पुरेशी मानली जाते, त्यामुळे हा आकडा पाहून निर्धास्त होण्याचा मोह होतो. मला तो धोकादायक वाटतो. या हिशोबात पाया दगडासारख्या कठीण कडेवर कलंडतो असं गृहीत असतं, प्रत्यक्षात त्या कडेखाली माती असते.

माती कसा दगा देते याचं एक उदाहरण पाहा. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे ऑक्टोबर 1913 मध्ये धान्याचं एक प्रचंड कोठार भरत असताना चोवीस तासांत सुमारे 27 अंश कललं. काँक्रीट जवळजवळ शाबूत होतं. पुढे ते कोठार सरळ करून वापरातही आणलं. हार खाल्ली ती खोलवरच्या मऊ चिकणमातीने. वरच्या थरांची चाचणी झाली होती, पण तिच्यातून त्या थराचा पत्ता लागला नाही.

पुन्हा आपल्या स्तंभाकडे येऊ. पाया घसरण्याची तपासणी सहसा सहज पार पडते, कारण एवढ्या वजनाखालचं घर्षण वाऱ्याच्या आडव्या जोराच्या कितीतरी पट असतं. भूजलाचं तसं नाही. पावसाळ्यात पाणी पायाच्या वर चढलं की एक घनमीटर काँक्रीटचं अडीच टन वजन दीड टनांवर येतं. स्थैर्य देणारं ओझंच घटतं. म्हणून स्थैर्य तपासताना स्तंभ रिकामा आणि पाणी वर आलेलं धरायचं. सर्वाधिक दाब तपासायचा तो भरलेल्या स्तंभाचा, त्यातही पाणी भरून चाचणी घेतात त्या दिवसाचा, कारण पाणी तेलापेक्षा जड. त्या चाचणीच्या वेळी वारा सहसा थोडाच धरतात, आणि म्हणून वादळाचा इशारा असताना ती चाचणी घेऊ नये, हे नकाशावरच लिहिलेलं हवं.