जर्मनी म्हणजे नेमकं काय? पोरांना सांगायच्या काही गोष्टी



गेल्या दोन वर्षांत परंड्यात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न गणिताचा नाही की शिष्यवृत्तीचा नाही. प्रश्न असा, "सर, पोराला जर्मनीला पाठवावं म्हणतोय, कसं राहील?" विचारणारे कधी आयटीआय झालेल्या पोराचे वडील असतात, कधी नर्सिंग करणाऱ्या मुलीची आई. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांची भाषा झाली, आणि तेव्हापासून 'जर्मनी' हा शब्द आपल्याकडं एसटी स्टँडवर सुद्धा ऐकू येतो. पण त्या देशाबद्दल आपल्याला माहीत काय असतं? हिटलर आणि मर्सिडीज. मधलं सगळं कोरं. ते कोरं पान थोडं भरावं म्हणून हा लेख. वर्गात नकाशा टांगून दोन तासिकांत घेता येईल एवढंच लिहिलंय.

आधी आकार सांगा. मुलांना जर्मनी म्हणजे अवाढव्य देश वाटतो. जर्मनीचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ५७ हजार चौ. कि.मी. आणि आपल्या महाराष्ट्राचं ३ लाख ८ हजार. म्हणजे आपल्यापेक्षा थोडाच मोठा. लोकसंख्या मात्र सव्वाआठ-साडेआठ कोटी; महाराष्ट्र २०११ च्या जनगणनेतच ११ कोटींच्या पुढे होता. शिवाय जर्मन बोलणारा देश एकच नाही. ऑस्ट्रिया आणि चिमुकलं लिश्टेनस्टाइन जर्मनच बोलतात. स्वित्झर्लंडमध्ये चार राष्ट्रीय भाषा आहेत, त्यात जर्मन बोलणारे सर्वांत जास्त. लक्झेंबर्ग, बेल्जियमचा पूर्वेकडचा एक तुकडा आणि इटलीतला दक्षिण टिरोल इथेही ती अधिकृत आहे. बेळगाव-निपाणीत मराठी आहे पण राज्य कर्नाटक, हे आपल्या पोरांना सांगावं लागत नाही. तसंच हे.

आता भाषेकडं येतो. जर्मन अवघड, असं ऐकून पोरं आधीच घाबरलेली असतात. अवघड आहेच, पण इंग्रजी किंवा हिंदीवाल्यांना जिथे घाम फुटतो तिथे मराठी पोराला निम्मं काम झालेलं असतं. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, देअर, डी, डास. आपल्याकडं तो, ती, ते. हिंदीत दोनच, त्यामुळे हिंदीवाल्याला नपुंसकलिंग म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते. आपल्याला फक्त कोणत्या शब्दाला कोणतं लिंग, एवढंच पाठ करायचं. ते जुळेलच असं नाही. आपला सूर्य 'तो', त्यांचा सूर्य 'ती'. चंद्र दोन्हीकडे 'तो'. आपला दरवाजा 'तो' आणि खिडकी 'ती', त्यांचा दरवाजा 'ती' आणि खिडकी 'ते'. मुलीला ते 'डास मेडशेन' म्हणतात, म्हणजे 'ते'! वर्गात यावर हमखास हशा होतो. मग मी विचारतो, "आणि आपण 'ते लेकरू', 'ते पोरगं' म्हणतो ते काय?" हशा थांबतो आणि विचार सुरू होतो.

दुसरी गंमत आकड्यांची. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' आलं आणि केवढा गदारोळ झाला, आठवतं ना? संख्या लिहिताना दशक आधी, वाचताना एकक आधी, यात मुलं गोंधळतात म्हणून तो बदल होता. जर्मन मुलांचीही तीच अडचण आहे. २५ ला ते 'फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिग' म्हणतात, शब्दशः 'पाच आणि वीस', म्हणजे आपलं पंचवीस. ४८ म्हणजे 'आठ आणि चाळीस', अठ्ठेचाळीस. तिथेही 'वीस-एक' म्हणा असा आग्रह धरणारी एक संस्था आहे, आणि लोक तिच्याकडे बहुधा तसंच बघतात जसं आपण बघितलं. एकोणतीस मात्र खास आपलं. 'तिसाला एक कमी' हा हिशेब जर्मनला सुचला नाही, तो सरळ 'नऊ आणि वीस' म्हणतो.

तिसरं म्हणजे 'तू' आणि 'तुम्ही'. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. जर्मनमध्ये 'डू' आणि 'झी' वेगळे. घरच्यांना, मित्रांना डू. अनोळखी माणसाला, साहेबाला, दुकानदाराला झी. नोकरीच्या मुलाखतीत हे चुकलं तर कानाला खटकतं. इथे एक फरक आवर्जून सांगा. आपण आजोबांना 'तुम्ही' म्हणतो, जर्मन नातू आजोबांना 'डू' म्हणतो. तिथे ते जवळिकीचं लक्षण, उद्धटपणा नव्हे.

इतिहास शिकवताना मी परंड्याच्या किल्ल्यापासूनच सुरुवात करतो. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडलं तेव्हा निजामशाहीची राजधानी काही काळ आपल्या परंड्यात होती. नगरला ओतलेली मुलूखमैदान तोफ आधी इथे होती, मग ती विजापूरला गेली. बहमनी राज्य फुटून पाच शाह्या झाल्या, त्यांच्यात गावं आणि तोफा इकडून तिकडे होत राहिल्या, हे आपल्या पोरांना दगडाला हात लावून कळतं. जर्मनी असाच शेकडो छोट्यामोठ्या राज्यांचा मुलूख होता. भाषा एक, राजे अनेक. १८७१ मध्ये प्रशियाच्या पुढाकाराने तो एक देश झाला आणि ऑस्ट्रिया बाहेर राहिला. म्हणून आज एकच भाषा बोलणारे दोन शेजारी देश दिसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले. पश्चिमेची राजधानी बॉनसारख्या लहान शहरात गेली. १३ ऑगस्ट १९६१ ला बर्लिनमध्ये भिंत उभी राहू लागली, ती ९ नोव्हेंबर १९८९ ला खुली झाली आणि ३ ऑक्टोबर १९९० ला देश पुन्हा एक झाला. आपण १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, ते ३ ऑक्टोबरला एकतेचा दिवस पाळतात. ज्या घरात आजोबांनी निजामाचं राज्य पाहिलंय, त्या घरातल्या पोराला 'सीमा हलते, माणूस तिथंच राहतो' हे वेगळं समजावावं लागत नाही.

आता अवघड गोष्ट. दर वर्षी कोणीतरी उठून म्हणतंच, "सर, हिटलर लई भारी होता ना?" रस्त्यावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर त्याच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद दिसतो, मोबाइलवर त्याच्या नावाची 'प्रेरक वाक्यं' फिरतात. याला रागावून उपयोग नाही. मी इरावती कर्व्यांची गोष्ट सांगतो.

'युगान्त'वाल्या इरावतीबाई, महर्षी कर्व्यांच्या सूनबाई. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला मानववंशशास्त्रात पीएच.डी. करायला गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेची मांडणी करणारे मोठे नाव. युरोपीय माणसाची कवटी एका बाजूला जास्त वाढलेली असते आणि त्यात त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचं कारण असावं, असा त्यांचा तर्क होता. तो तपासायचं काम बाईंकडे आलं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशानुसार असा फरक दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, स्वतःच्या मार्गदर्शकाविरुद्ध. १९३० मध्ये त्या पदवी घेऊन परतल्या. तीन वर्षांनी हिटलर सत्तेवर आला आणि फिशरसारख्यांचे विचार कायदा बनले. पुढे साठ लाख ज्यू मारले गेले. 'गोरे आणि आर्य तेच श्रेष्ठ' म्हणणाऱ्या राज्यात परंड्याच्या पोराची जागा कुठे असती, हे मुलांनाच विचारा. उत्तर मुलंच देतात.

आजचा जर्मनी हे लपवत नाही. तिथल्या शाळांत हा काळ सविस्तर शिकवतात. रस्त्यांत जुन्या घरांसमोर दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेले असतात. त्यावर त्या घरातून नेलेल्या माणसाचं नाव, जन्मसाल आणि शेवट लिहिलेला असतो. गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९० च्या दशकात हे सुरू केलं, आता असे एक लाखाहून जास्त चौकोन आहेत. याच संदर्भात एक व्यवहाराची गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. आपलं स्वस्तिक शुभ आहे, पण नाझींनी तसंच चिन्ह वापरल्यामुळे तिथे त्याचं प्रदर्शन कायद्याने गुन्हा ठरू शकतं. धार्मिक वापराची गोष्ट वेगळी, तरी नव्या गाडीवर किंवा दारावर स्वस्तिक काढलं तर शेजारी दचकणार. देवघरात ठेवा, बाहेर नको.

करार झाला त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी आपलं नातं तसं जुनं आहे. त्याची राजधानी स्टुटगार्ट. तिथेच २२ ऑगस्ट १९०७ ला मादाम कामांनी 'वंदे मातरम्' लिहिलेला भारताचा ध्वज फडकवला. तो ध्वज पुण्याच्या केसरीवाड्यात आहे. १९६८ पासून स्टुटगार्ट आणि मुंबई भगिनी-शहरं आहेत. आणि त्याच राज्यातल्या उल्म गावी १९३४ मध्ये जन्मलेले गुंथर सोन्थायमर! हा माणूस मराठी शिकला, धनगरांबरोबर हिंडला, त्यांच्या ओव्या गोळा केल्या आणि हायडेलबर्ग विद्यापीठात बसून बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबांवर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. अणदूर-नळदुर्गचा खंडोबा आपल्या जिल्ह्यातला, आणि खंडोबाचा अभ्यास करायचा तर आपल्याला एका जर्मनाचं पुस्तक उघडावं लागतं. मला याची थोडी लाजही वाटते आणि कौतुकही.

रोजचं जगणं थोडक्यात. रविवारी दुकानं बंद. किराणा शनिवारीच भरायचा, आणि रविवारी घरात ड्रिल मशीन चालवली तर शेजारी तक्रार करतो. रात्रीचं जेवण बऱ्याच घरी थंडच असतं. त्याचं नावच 'आबेंडब्रोट', संध्याकाळचा ब्रेड. गरम भाकरीची सवय असलेल्या पोराला पहिला महिना हेच जड जातं. थंडी नंतर. रेल्वे वेळेवर धावते ही मात्र ऐकीव गोष्ट. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साठ-पासष्ट टक्केच वेळेवर पोहोचल्या. परंड्याला रेल्वेच नाही, बार्शी-कुर्डुवाडी गाठावं लागतं, त्यामुळे आपल्याला उशिराची तशी सवय आहे.

आता मूळ प्रश्न, पाठवावं का?

तिथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. काही विद्यापीठाकडे जाणाऱ्या शाळेत, बाकीची व्यवसायाकडे. दहाव्या वर्षी मुलाचं भवितव्य ठरवणं मला पटत नाही, आणि खुद्द जर्मनीतही त्यावर वाद आहे. पण पुढचा भाग शिकण्यासारखा आहे. 'आउसबिल्डुंग' म्हणजे दोन ते साडेतीन वर्षांचं शिक्षण. आठवड्यातले बहुतेक दिवस कंपनीत काम, एक-दोन दिवस शाळा, आणि दर महिन्याला विद्यावेतन. असे सव्वातीनशेच्या आसपास मान्यताप्राप्त व्यवसाय आहेत. सुतार, बेकरीवाला, इलेक्ट्रिशियन, परिचारिका. तिथे इलेक्ट्रिशियनला कोणी 'फक्त वायरमन' म्हणत नाही.

यासाठी भाषा सर्वसाधारणपणे बी-१ पातळीपर्यंत लागते, नर्सिंगच्या मान्यतेला बहुधा बी-२. ए-१ ही पहिली पायरी. तीन महिन्यांचा क्लास करून लगेच विमान, असं कोणी सांगत असेल तर उठून या. परीक्षा पुणे-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात होतात. पदवीसाठी जायचं तर 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे अर्धंच खरं. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला २०१७ पासून प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शिवाय विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे अकरा-बारा लाखांच्या घरातली रक्कम, बंद खात्यात दाखवावी लागते. पैसे पोराचेच राहतात, दरमहा थोडे मिळतात. पण आधी उभे तर करावे लागतात. आउसबिल्डुंगला विद्यावेतन पुरेसं असेल तर हा भार टळतो. एजंट हा फरक सांगत नाही.

परवा एक वडील आले होते. एजंटाला चार लाख द्यायला जमीन गहाण टाकायची तयारी होती. मी एकच विचारलं, कंपनीचं करारपत्र हातात आहे का? नव्हतं. मुलगा शेजारी बसला होता. त्याला फळ्यावर तो-ती-ते आणि देअर-डी-डास लिहून दाखवलं, पंचवीस मोजायला लावलं. तो म्हणाला, "सर, हे तर जमंल." गहाणखत तूर्त थांबलंय. पोरगं रोज संध्याकाळी पाचला शाळेत येतं, मोबाइलवरचे धडे लावून आम्ही दोघंही शिकतो. चुका माझ्याच जास्त होतात.