घराचे रंगकाम : आधी भिंत, मग रंग

पावसाळा सरत आला, की घरोघरी रंगकामाचे वेध लागतात. दिवाळीपूर्वी घर उजळावे, ही इच्छा स्वाभाविकच आहे. परंतु हौसेने दिलेल्या रंगाला पुढच्याच पावसाळ्यात पोपडे सुटले, तर पैसा आणि श्रम दोन्ही वाया जातात. अशा वेळी दोष रंगाला किंवा रंगाऱ्याला दिला जातो. वस्तुतः बहुतेक दोषांचे मूळ रंगाखालच्या भिंतीत असते.

ओलीची परीक्षा

चार महिने पाऊस झेललेली भिंत वरून कोरडी दिसली, तरी आतून ओली असू शकते. हातभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात व दोन दिवसांनी पाहावे. भिंतीकडील बाजूस पाण्याचे थेंब आढळल्यास ओल भिंतीतून येत आहे, असे समजावे. खोलीकडील बाजूस आढळल्यास तो हवेतील दमटपणा होय. पहिल्या प्रकारात गच्चीच्या भेगा, गळके नळ व पावसाळी पाइप यांची दुरुस्ती करून भिंत वाळू द्यावी. कोकणात ऑक्टोबरमध्येही हवा दमट असते. दिल्लीत ती त्यामानाने लवकर कोरडी होते. म्हणून रंगकामाचा मुहूर्त पंचांगाने नव्हे, तर भिंतीने ठरवावा.

नव्या सिमेंटच्या गिलाव्यात ओल व क्षार दोन्ही असतात. त्यावर किमान २८ दिवस रंग देऊ नये. दमट हवेत याहून अधिक काळ थांबावे.

दोष आणि उपाय

पोपडे : जुन्या चुन्यावर नवा रंग धरत नाही. भिंतीवरून तळहात फिरवावा. पांढरी भुकटी लागल्यास तो थर खरवडून, भिंत पुसून प्रायमरचा हात द्यावा. प्रायमर वगळून केलेली बचत पुढे महाग पडते.

फुगे : एक फुगा कापून पाहावा. आत उघडा गिलावा दिसल्यास कारण बहुधा ओल असते. आत रंगाचाच आधीचा थर दिसल्यास, तापलेल्या भिंतीवर रंग दिला असावा किंवा पहिला हात वाळण्यापूर्वी दुसरा दिला असावा.

लोणा : भिंतीवर फुटणारी पांढरी भुकटी म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार. ती कोरड्या ब्रशने झाडावी. धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत मुरतात. ओल थांबल्याखेरीज लोणा थांबत नाही.

बुरशी : तिच्यावर रंग दिल्यास ती पुन्हा वर येते. एक भाग द्रव ब्लीच व तीन भाग पाणी यांचे मिश्रण लावून पंधरा-वीस मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुवावे. हातमोजे घालावेत व खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अन्य द्रव कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

भेगा : बारीक भेग पत्रीने किंचित रुंद करावी, धूळ झाडून पुट्टी भरावी आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून प्रायमर द्यावा. जिच्यात रुपयाचे नाणे शिरेल अशी किंवा बुजवूनही पुनःपुन्हा उघडणारी भेग मात्र अभियंत्याला दाखवावी.

डाग व छटांतील फरक : एकाच छटेचे सर्व डबे एका बॅचचे घ्यावेत व मोठ्या भांड्यात एकत्र ढवळावेत. भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सलग रंगवावी. मध्येच केलेले ठिगळ उठून दिसते.

जुन्या रंगातील शिसे

घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम भारत सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत, विशेषतः दारे-खिडक्यांच्या ऑइलपेंटमध्ये, शिसे असण्याची शक्यता असते. त्याची धूळ पोटात गेल्यास लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम होऊ शकतो. म्हणून असा रंग कोरडा घासू नये. पाणी शिंपडून खरवडावा, तोंडाला मास्क लावावा, ओल्या फडक्याने जमीन पुसावी आणि काम चालू असताना मुले व गर्भवती स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

थोडा हिशेब

१० × १२ फूट लांबीरुंदीच्या आणि १० फूट उंचीच्या खोलीच्या चार भिंती मिळून ४४० चौरस फूट भरतात. दारे-खिडक्यांचे ४० वजा जाता ४०० उरतात. दोन हातांसाठी ८००. डब्यावर लिटरमागे १४० चौरस फूट असे लिहिले असल्यास सुमारे पावणेसहा लिटर रंग लागेल. हा हिशेब आधी केल्यास छटा कमी पडत नाही आणि रंग उरून वायाही जात नाही.

दिवाळीपर्यंत भिंत वाळली नाही, तर यंदा घर स्वच्छ करून दारी तोरण बांधावे व रंगकाम हिवाळ्यावर सोपवावे. सणाचा आनंद त्याने उणावत नाही आणि कष्टाचा पैसा भिंतीवर टिकून राहतो.