मुलांना पहिल्यांदा मॅच दाखवायला नेताय? धाराशिवकरांसाठी खो-खोचं मैदान सगळ्यात भारी का आहे

अंगात मेस्सीच्या नावाचा दहा नंबरचा टी-शर्ट, तोंडात रोनाल्डोचं नाव आणि हातात मोबाइल. धाराशिव असो, कळंब असो की उमरगा, असं एखादं पोरगं प्रत्येक गल्लीत सापडतं. पण यातल्या किती पोरांनी मैदानाच्या कडेला बसून एखादी खरीखुरी मॅच पाहिली आहे?

मग आई-बाबांच्या डोक्यात प्लॅन शिजतो. 'सुट्टीत मुंबईला जाऊ, मोठं स्टेडियम दाखवू.' हौसेला मोल नसतंच. पण पहिली मॅच मोठीच असली पाहिजे का?

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी भारतात आला होता, तेव्हा कोलकात्यात काय झालं ते आठवून बघा. सॉल्ट लेक स्टेडियमवर हजारो रुपयांची तिकिटं काढून आलेल्या अनेकांना तो धड दिसलासुद्धा नाही. भोवती व्हीआयपींचा गराडा, थोड्याच वेळात मेस्सी निघून गेला आणि चिडलेल्या लोकांनी खुर्च्या-बाटल्या मैदानात फेकल्या. त्या गर्दीत लहान मुलंही होती.

सांगायचा मुद्दा एवढाच की, लहान मुलासाठी मॅच किती मोठी यापेक्षा ती किती जवळून दिसते आणि किती वेळ चालते, हे जास्त महत्त्वाचं असतं. या दोन्ही बाबतीत धाराशिव जिल्हा नशीबवान आहे. फुटबॉलमध्ये नसेल, पण खो-खोमध्ये नक्कीच.

धाराशिव आणि खो-खो, हे काय प्रकरण आहे?

दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याने देशाला खो-खोपटू दिले आहेत. सगळ्यात मोठं नाव सारिका काळे. घरची परिस्थिती बेताची, त्यातून खेळत खेळत ती भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. २०१६ मध्ये गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार तब्बल २२ वर्षांनी आला होता.

त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, तर पुरुषांनी नेपाळलाच ५४-३६ अशी मात दिली. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती.

देशभरातले संघ इथल्या मैदानावर येऊन खेळलेही आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये वरिष्ठ गटाची राष्ट्रीय खो-खो स्पर्धा याच शहरात झाली, तेव्हा शहराचं नाव उस्मानाबाद होतं.

थोडक्यात काय, तर लंडनच्या पोराला घराजवळ फुटबॉल मिळतो, तसा धाराशिवच्या पोराला खो-खो मिळतो.

पण लहान मुलांसाठी खो-खोच का?

पहिलं कारण म्हणजे वेळ. फुटबॉल ९० मिनिटांचा, मध्ये १५ मिनिटांची विश्रांती. ट्वेंटी-ट्वेंटी क्रिकेटला तीन तासांहून जास्त लागतात. खो-खोत गटानुसार सात ते नऊ मिनिटांची एक पाळी आणि अशा चार पाळ्या. मधला वेळ धरूनही तासाभरात निकाल हातात. चार-पाच वर्षांचं मूल एका जागी तेवढंच टिकलं, तरी पुष्कळ झालं.

दुसरं कारण, सतत काहीतरी घडत राहतं. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले. म्हणजे साधारण अर्ध्या तासाला एक गोल. मोठ्यांना त्या वाट पाहण्यातच मजा येते, पण लहान मूल तोवर 'घरी कधी जायचं?' विचारायला लागतं. खो-खोत दर काही सेकंदांनी 'खो'चा आवाज, मध्येच कुणीतरी सूर मारतं, कुणीतरी बाद होतं.

तिसरं कारण अंतर. खो-खोचं मैदान साधारण २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. फुटबॉलचं मैदान शंभर मीटरच्या आसपास. खो-खोत खेळाडूचा चेहरा, तिची धाप, पायाला लागलेली माती, सगळं दिसतं. आणि ती खेळाडू शाळकरी असेल, तर बघणाऱ्या मुलीला 'हे मलाही जमेल' असं वाटायला वेळ लागत नाही.

मुलांना खेळ समजावून कसा सांगायचा?

टीव्हीवर कॅमेरा सांगतो कुठे बघायचं, समालोचक सांगतो काय झालं आणि चुकलं तर रिप्ले आहेच. मैदानावर यातलं काहीच नसतं. त्यामुळे पहिल्यांदा आलेलं मूल गोंधळतं. सगळे नियम एका दमात सांगायला जाऊ नका. चार गोष्टी पुरेशा आहेत.

एक, दोन खांबांच्या मधल्या पट्टीत आठ जण बसतात, एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो.

दोन, समोरच्या संघाचे तीन जण एका वेळी पळतात. ते बसलेल्यांच्या मधून कसेही जाऊ शकतात. ते तिघं बाद झाले की पुढचे तिघं येतात.

तीन, पाठलाग करणाऱ्याला मात्र मधून जाता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागेही फिरता येत नाही. पलीकडे जायचं तर खांबाला वळसा घालायचा, नाहीतर बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणायचं. मग तो उठून पळणार आणि थाप मारणारा त्याच्या जागी बसणार.

चार, ज्या संघाचे गुण जास्त तो जिंकला.

नियम सांगून झाले की मुलाला एकच काम द्या. 'ती लाल रिबिनवाली पळतेय ना, फक्त तिच्याकडे बघ.' किंवा 'किती वेळा खो म्हणतात ते मोज.' काम मिळालं की मूल रमतं. अर्ध्या तासाने तेच तुम्हाला सांगायला लागेल की, ती आता खांबावरून सूर मारणार.

मॅच सापडणार कुठे?

मोठ्या स्पर्धेची वाट पाहायची गरज नाही. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. आधी तालुका, मग जिल्हा, विभाग आणि राज्य अशी त्यांची चढण असते. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी या आठही तालुक्यांच्या पातळीवर हे सामने होतात. साधारण पावसाळ्याच्या मध्यापासून थंडीपर्यंतचा काळ त्यासाठी चांगला.

तारखा शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना आधी कळतात. नाहीतर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करता येते. या सामन्यांना सहसा तिकीट नसतं. त्याचा मोठा फायदा म्हणजे पोरगं कंटाळलं तर वीस मिनिटांत उठून येता येतं. 'पैसे भरलेत, आता शेवटपर्यंत बस' असं म्हणायची वेळ येत नाही.

कुठे बसायचं हा प्रश्न गंभीर आहे

जवळची मॅच असली तरी सुरक्षेत ढिलाई नको. मार्च २०२१ मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेटला ज्युनियर राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत प्रेक्षकांसाठी उभारलेली तात्पुरती गॅलरी कोसळली आणि शंभरहून जास्त लोक जखमी झाले. पुढच्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये, केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात एका स्थानिक फुटबॉल सामन्यात तशीच गॅलरी कोसळली. दोन्ही ठिकाणी गर्दी तुडुंब होती.

म्हणून लहान मूल सोबत असेल तर बांबू-फळ्यांच्या तात्पुरत्या गॅलरीवर चढूच नका. सिमेंटच्या पायऱ्या असतील तर खालच्या ओळीत आणि कडेला बसा. नाहीतर रेषेपासून थोडं लांब, सरळ जमिनीवर सतरंजी टाका. खांबाच्या मागे मात्र बसू नका. खेळाडू तिथेच सूर मारतात आणि कधीकधी सीमारेषेबाहेर येऊन पडतात.

दुसरी गोष्ट जल्लोषाची. ४ जून २०२५ ला बंगळुरूत आरसीबीच्या विजयोत्सवात चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली आणि ११ जणांचा जीव गेला. मॅच संपल्यावर फाटकाकडे एकदम लोंढा निघतो. मूल कडेवर असेल तर पाच मिनिटं आधी निघा, नाहीतर गर्दी ओसरेपर्यंत थांबा.

मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. 'हरवलास तर पळायचं नाही, पंचांच्या टेबलाजवळ जाऊन उभं राहायचं' हे आत शिरतानाच दाखवून ठेवा. हरवलेल्या किंवा अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, तर तातडीच्या मदतीसाठी ११२.

आवाज, ऊन आणि डबा

फेब्रुवारी २०१० मधला एक फोटो जगभर गाजला होता. अमेरिकन फुटबॉलची सर्वात मोठी मॅच, म्हणजे सुपर बोल जिंकल्यावर ड्रू ब्रीज या खेळाडूने आपल्या वर्षाच्या बाळाला उचलून घेतलं होतं आणि बाळाच्या कानावर मोठे इअरमफ होते. लहान मुलांचे कान नाजूक असतात, हे त्या फोटोने लाखो पालकांना सांगितलं.

आपल्याकडे स्पर्धा म्हटलं की ढोल-ताशा, फटाके आणि भलेमोठे स्पीकर आलेच. उद्घाटनाचा कार्यक्रम टाळून थेट सामन्याला गेलात तर अर्धा गोंगाट वाचतो. स्पीकरपासून लांब बसा. मूल कानावर हात ठेवत असेल तर 'काही होत नाही' म्हणू नका, सरळ जागा बदला.

धाराशिवच्या उन्हाबद्दल धाराशिवकरांना काय सांगायचं! सकाळचे किंवा उतरत्या उन्हातले सामने निवडा. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. मैदान मातीचं असेल तर धूळ उडते, त्यामुळे दम्याचा त्रास असलेल्या मुलाला वाऱ्याच्या दिशेला बसवू नका आणि त्याचं औषध जवळ ठेवा.

डब्यात दशमी, केळी, चुरमुरे असं काहीही चालेल. पण पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका. ओरडता-हसताना ते श्वासनलिकेत अडकू शकतात. आणि पोचल्याबरोबर आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून घ्या. अनेक मैदानांवर हीच सर्वात मोठी अडचण असते, विशेषतः मुलींसाठी.

मुलं मॅचइतकंच तुम्हालाही बघतात

सप्टेंबर २०११ मधली गोष्ट. तुर्कीतल्या फेनरबाचे या फुटबॉल क्लबला प्रेक्षकांच्या धुडगुसाबद्दल शिक्षा झाली होती. रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवण्याऐवजी संघटनेने फक्त महिला आणि १२ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश दिला. ४१ हजारांहून जास्त जणी आणि मुलं आली, स्टेडियम दणाणून गेलं आणि मॅच शांततेत पार पडली.

आपल्याकडेही पंचाने निर्णय दिला की शिव्या घालणारे काका प्रत्येक मैदानावर असतात. मूल ते शब्द उचलतं. त्याहून वाईट म्हणजे, खेळणारी पोरं १३-१४ वर्षांची असतात आणि त्यांच्या कानावरही ते पडतं. तुम्ही समोरच्या संघाच्या चांगल्या खेळालाही टाळी वाजवलीत, तर वेगळं काही शिकवायची गरज उरत नाही.

शालेय सामन्यात हरलेली मुलं ढसाढसा रडतात. तुमचं मूल विचारेल, 'ती का रडतेय?' तिथून घाईने उठू नका. हरणं म्हणजे काय, हे इतक्या जवळून दिसण्याची संधी मोबाइल देत नाही.

आणि पोरगं फुटबॉलवरच अडून बसलं तर?

तर थोडं मोठं होऊ द्या आणि कोल्हापूर गाठा. तिथल्या राजर्षी शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धांमध्ये पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल असे तालमींचे संघ भिडतात. मराठी मातीतला फुटबॉल बघायला याहून चांगली जागा नाही. फक्त पारंपरिक प्रतिस्पर्ध्यांचे अंतिम सामने टाळा, कारण तिथे समर्थकांमध्ये हमरीतुमरीचे प्रकार झाले आहेत. साखळीतला साधा सामना पहिल्या वेळी उत्तम. मुंबईत अंधेरीचं फुटबॉल मैदान हे मुंबई सिटी एफसीचं घर. दहा हजारांच्या आतली क्षमता असल्याने तिथेही खेळ जवळून दिसतो.

तिथे पोचेपर्यंत रांग, गर्दी, आवाज आणि वाट पाहणं, हे सगळं पोराच्या सवयीचं झालेलं असेल. गल्लीजवळच्या मैदानाने तेवढं शिकवलेलं असतं.

पहिल्या मॅचचा निकाल मुलाच्या लक्षात राहील का? बहुतेक नाही. पण दुसऱ्या दिवशी अंगणात आठ चपला ओळीने मांडून ते 'खो!' म्हणून ओरडायला लागलं, तर समजा मॅच वसूल झाली. तेव्हा फोन बाजूला ठेवा आणि पळायला तयार व्हा, कारण पाठलाग तुमचाच होणार आहे.