कॅमेलिया आणि वाशिमची काळी जमीन

कॅमेलिया हे चहाच्याच प्रजातीतील सदाहरित झुडूप होय. उद्यानांत फुलांसाठी मुख्यतः जपॉनिका व ससान्क्वा या जाती लावतात. त्यांच्या कळ्या उन्हाळ्यातील उबेत धरतात. त्या पक्व होऊन उमलण्यास पुढे गारवा लागतो. म्हणूनच ऐन थंडीत हे झुडूप बहरते.

थंड प्रदेशांत त्याच्या लागवडीचा मुख्य प्रश्न गोठणाऱ्या थंडीचा असतो. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पडलेल्या कडक हिवाळ्यांत बहुतेक कॅमेलिया मेले; ओलिफेरा जातीची झाडे मात्र तगली. विल्यम अॅकरमन यांनी तिच्या संकरातून शून्याखाली सुमारे २० अंश सेल्सिअसची थंडी सोसणारे वाण सिद्ध केले.

वाशिम जिल्ह्यात ही काटकता निरुपयोगी ठरते. येथील हिवाळा गोठवणारा नाही. उन्हाळा मात्र ४० अंशांवर जातो. तथापि खरा अडथळा मातीचा आहे. कॅमेलियास ५.५ ते ६.५ सामूची आम्लधर्मी, निचऱ्याची माती हवी. बेसाल्टपासून बनलेली येथील काळी माती पुष्कळ ठिकाणी चुनखडीयुक्त असून तिचा सामू ८ च्या आसपास असतो. अशा मातीत लोह विपुल असूनही ते अविद्राव्य राहते. परिणामी कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. विदर्भातील संत्राबागांतही चुनखडीच्या जमिनीत हेच लक्षण दिसते. त्यामुळे हा विचार केवळ हौसेच्या झुडपापुरता मर्यादित राहत नाही. मातीत नुसते हिराकस घातल्याने फारसे साधत नाही, कारण त्यातील लोह लवकरच पुन्हा अविद्राव्य होते. चुना अधिक असल्यास गंधकाचे आम्लही त्यातच खर्ची पडते. अशा जमिनीस योग्य चिलेट स्वरूपातील लोह अधिक काळ उपलब्ध राहते. शिवाय ही माती पावसाळ्यात चिबडते व उन्हाळ्यात भेगाळते. कॅमेलियाच्या उथळ मुळांस दोन्ही अवस्था घातक होत.

म्हणून प्रयोगासाठी कॅमेलिया कुंडीतच लावावा. नारळाच्या काथ्याचा भुसा, पानांचे कुजलेले खत व जाड वाळू यांचे मिश्रण वापरावे. विहिरीच्या पाण्यातील बायकार्बोनेट सामू वाढवितात; यास्तव साठविलेले पावसाचे पाणी द्यावे. कुंडी सकाळचे कोवळे ऊन व दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवावी. इतके करूनही उष्ण, कोरड्या वाऱ्याने कळ्या गळण्याचा धोका राहतोच.

याउलट कुंपणावरील कोरांटी पावसाळा सरता फुलू लागते व हिवाळाभर पिवळी फुले देते. बी किंवा छाट कलमाने ती पावसाळ्यारंभी लावता येते; बहर ओसरल्यावर छाटणी केली म्हणजे पुरे. कोणत्याही झुडपाची काटकता त्या स्थळी त्यास काय सोसावे लागते यावरूनच ठरवावी लागते. वाशिमात ती कसोटी थंडीची नसून चुन्याची व उन्हाची आहे.