मधुमेहजन्य हृद्‌विकार : स्त्री-पुरुषांतील तफावत

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्याने होणाऱ्या विकाराला हृद्‌रोहिणी विकार म्हणतात. मधुमेहामुळे या विकाराचा धोका स्त्री व पुरुष या दोघांतही वाढतो. परंतु ही वाढ स्त्रियांत प्रमाणाने अधिक असते. मधुमेह नसलेल्या स्त्रियांत हा विकार समवयस्क पुरुषांपेक्षा कमी व काही वर्षे उशिरा आढळतो. मधुमेह जडल्यावर स्त्रियांचे हे नैसर्गिक संरक्षण बऱ्याच अंशी नाहीसे होते.

अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील फ्रेमिंगॅम या गावी १९४८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन पाहणीतून या तफावतीकडे लक्ष वेधले गेले. तेथील वीस वर्षांच्या निरीक्षणांचे निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांचे प्रमाण मधुमेही स्त्रियांत मधुमेह नसलेल्या पुरुषांपेक्षाही अधिक असल्याचे त्यांवरून दिसून आले. २०१४ मध्ये ६४ पाहण्यांतील सु. ८ लाख ५८ हजार व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण करण्यात आले. त्यानुसार मधुमेहामुळे हृद्‌रोहिणी विकाराचा धोका स्त्रियांत २.८२ पट, तर पुरुषांत २.१६ पट होतो.

हे आकडे सापेक्ष धोक्याचे आहेत, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. उदा., मधुमेह नसलेल्या दर हजार स्त्रियांपैकी २ व पुरुषांपैकी ४ जणांना एका वर्षात हा विकार होतो असे मानल्यास, मधुमेहींमध्ये हे आकडे अनुक्रमे सु. ५.६ व ८.६ होतील. म्हणजे पुरुषांचा प्रत्यक्ष धोका अधिकच राहतो. मात्र दोहोंमधील दुपटीचे अंतर दीडपटीवर येते.

या तफावतीची अनेक कारणे संभवतात. पुरुषांत चरबी मुख्यतः उदरपोकळीत साठत असल्यामुळे तुलनेने कमी वजनवाढीनेही त्यांना मधुमेह होतो. स्त्रियांत ती प्रथम नितंब व मांड्यांवरील त्वचेखाली साठते. त्यामुळे मधुमेहाची अवस्था येईपर्यंत त्यांचे वजन अधिक वाढलेले असते आणि रक्तदाब, रक्तातील वसा, रक्तक्लथन व रोहिण्यांचे अंतःस्तर यांत पुरुषांपेक्षा मोठा बिघाड झालेला असतो. ईस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनाचा संरक्षक परिणामही मधुमेहात क्षीण होतो, असे मानले जाते. तथापि ऋतुनिवृत्तीनंतर हे हॉर्मोन बाहेरून देऊन हृद्‌विकार टळत नाही, असे अमेरिकेतील मोठ्या चाचण्यांत (१९९८ व २००२) आढळले.

शारीरिक कारणांबरोबर उपचारांतील उणीवही महत्त्वाची आहे. हृद्‌विकार हा पुरुषांचा रोग होय, या रूढ समजुतीमुळे स्त्रियांच्या तक्रारींची दखल उशिरा घेतली जाते. कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधेही त्यांना पुरुषांच्या मानाने कमी वेळा दिली जातात, असे अनेक देशांत आढळले आहे. स्त्रियांतही छातीत दुखणे हेच प्रमुख लक्षण असले, तरी धाप लागणे, असाधारण थकवा, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात वेदना ही लक्षणे त्यांच्यात अधिक वेळा आढळतात. मधुमेहाने तंत्रिकांना इजा झाली असल्यास वेदना कमी जाणवण्याची किंवा मुळीच न जाणवण्याचीही शक्यता असते.

गर्भारपणात प्रथमच उद्‌भवणारा मधुमेह बहुधा प्रसूतीनंतर नाहीसा होतो. परंतु अशा स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह व हृद्‌विकार होण्याचा धोका अधिक असतो. भारत सरकारने २०१४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सर्व गरोदर स्त्रियांची ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन रक्ततपासणी करण्याची शिफारस आहे. या तपासणीत दोष आढळलेल्या स्त्रीची प्रसूतीनंतरही नियमित तपासणी होणे अगत्याचे असते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल व वजन यांवर नियंत्रण, तंबाखूवर्जन आणि नियमित व्यायाम हे उपाय दोघांनाही सारखेच लागू पडतात. स्त्रियांच्या बाबतीत ते मधुमेहाचे निदान होण्यापूर्वीच सुरू होणे विशेष हितावह ठरते.