योजनेची फाईल ‘क्वेरी’त का अडकते? दवाखान्यातला संगणक नेमकं काय तपासतो, समजून घ्या

तालुका प्रतिनिधी : गेल्या पावसाळ्यात आमचे थोरले चुलते बांधावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. योजनेतल्या दवाखान्यात नेलं. बेड मिळाला, डॉक्टर तयार होते, पण ऑपरेशन दोन दिवस थांबलं. विचारलं तर एकच उत्तर, “क्वेरी पडलीय.”

आधारवर चुलत्यांचं नुसतं नाव, रेशनकार्डावर त्याला ‘राव’ जोडलेलं आणि वयात नऊ वर्षांचा फरक. चुलते बेडवर कण्हत होते अन् मी तहसील ते झेरॉक्सचं दुकान असे हेलपाटे घालत होतो. तेव्हा आरोग्यमित्राजवळ बसून हा प्रकार समजून घेतला. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

फाईल दोनदा तपासली जाते

महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजना आपल्या राज्यात एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस मिळतात. त्यासाठी दवाखाना तुमची माहिती ऑनलाइन भरतो.

पहिली तपासणी ऑपरेशनच्या आधी, परवानगीसाठी. दुसरी सुट्टी झाल्यावर, दवाखान्याला पैसे देण्यासाठी. पहिल्या वेळी अडकलं तर पेशंट थांबतो, दुसऱ्या वेळी अडकलं तर दवाखान्याचे पैसे थांबतात.

संगणक काय बघतो?

संगणकाला तुमचं दुखणं कळत नाही. एका रकान्यातली माहिती दुसऱ्या रकान्याशी जुळते का, एवढंच तो बघतो.

- आधार आणि रेशनकार्डावरचं नाव, वय, लिंग जुळतं का?
- भरती झाल्याची तारीख सुट्टीच्या तारखेच्या आधीची आहे का?
- हाच पेशंट त्याच दिवशी दुसऱ्या दवाखान्यात भरती दाखवलाय का?
- आजार आणि मागितलेला उपचार यांचा मेळ बसतो का? पुरुषाच्या नावावर गर्भपिशवीचं ऑपरेशन टाकलं तर तिथंच अडकणार.
- एकाच उपचाराचे पैसे दोनदा मागितलेत का?
- एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, फोटो असे लागणारे कागद जोडलेत का?

काही चुकांवर फाईल पुढे सरकतच नाही. काहींवर फक्त खूण होते आणि फाईल योजनेच्या डॉक्टरांकडे जाते. ते बघून मंजूर करतात, नाहीतर विचारणा करतात. ही विचारणा म्हणजेच ‘क्वेरी’. क्वेरी म्हणजे नामंजुरी नव्हे. लोक इथंच घाबरतात आणि पैसे भरून मोकळे होतात.

एवढी तपासणी कशाला?

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘कॅग’चा आयुष्मान भारतवरचा अहवाल संसदेत मांडला गेला. त्यात ७,४९,८२० लाभार्थ्यांच्या नावापुढे ९९९९९९९९९९ हा एकच मोबाईल नंबर आढळला. मृत म्हणून नोंद झालेल्या पेशंटच्या नावावर पुन्हा उपचार दाखवले होते. एका ठिकाणाहून सुट्टी होण्याआधीच तोच पेशंट दुसरीकडे भरती, अशाही नोंदी होत्या. असली गडबड संगणक चटकन पकडू शकतो, पण तसा नियम त्यात आधी घालून ठेवलेला असला तरच. हा पैसा शेवटी आपलाच आहे. त्यामुळे चाळणी हवीच.

मात्र चाळणीत गव्हाचे खडे अडकतात तसे कधी चांगले दाणेही अडकतात. ‘सुमन’ आणि ‘सुमनबाई’ एकच, हे गावात शेंबड्या पोराला कळतं. संगणकाला ती दोन माणसं वाटू शकतात. लग्नानंतर नाव बदललेल्या बायाबापड्या आणि अंदाजे वय लिहिलेली म्हातारी माणसं यात जास्त अडकतात. चोरी करणाऱ्यासाठी लावलेल्या जाळ्यात साधा माणूस सापडतो, तो असा.

आजच करायची कामं

१. घरातल्या प्रत्येकाचं आधार आणि रेशनकार्ड शेजारी ठेवून नाव, वय, लिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा.

२. रेशनकार्डावरची चूक तहसीलच्या पुरवठा शाखेत दुरुस्त होते. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून केंद्रात पावतीवर सही करण्याआधी स्पेलिंग वाचून घ्या.

३. आयुष्मान कार्ड काढताना स्वतःचा चालू नंबर द्या. केंद्रवाल्याचा किंवा शेजाऱ्याचा नको.

४. भरती होताना कागदावर नाव आधारप्रमाणेच लिहायला सांगा. घरात हाक मारायचं नाव सांगू नका.

क्वेरी पडलीच तर

आधी आरोग्यमित्राला गाठा. “क्वेरी नेमकी कशाची? कोणता कागद कमी आहे?” असं स्पष्ट विचारा. उत्तर दवाखान्यानेच ऑनलाइन पाठवायचं असतं; तुम्ही फक्त कागद द्यायचा आणि तो पाठवला का याची खात्री करायची. पेशंटची तब्येत गंभीर असेल तर फोनवरून तातडीची परवानगी घेण्याची सोय आहे, तिची आठवण करून द्या.

योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी दवाखान्याने तुमच्याकडून पैसे घ्यायचे नसतात. दवाखान्याचे पैसे योजनेकडे अडकले तर तो हिशोब त्या दोघांचा, तुमच्या डोक्यावरचं कर्ज नव्हे. कुणी पैसे मागितले तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या नंबरवर तक्रार करा. आयुष्मानसाठी १४५५५ आहे. तिन्ही नंबर मोफत आहेत.

आमच्या चुलत्यांचं ऑपरेशन तिसऱ्या दिवशी झालं. आता काठी टेकत का होईना, रानात जातात. पण ते दोन दिवस एका ‘राव’पायी आणि नऊ वर्षांपायी गेले. ते कागद कित्येक वर्षं आमच्याच पेटीत होते, कुणी उघडून बघितले नव्हते. तुम्ही आज संध्याकाळी बघा. आणि ही माहिती गावच्या ग्रुपवरही टाका, कुणाच्या तरी कामाला येईल.